सिझरनंतर नॉर्मल, आणि बाळ मोठं

अगं, सोनोग्राफीत ‘बाळ ४ किलोचं’ ऐकून लगेच हातपाय गाळू नकोस. तो अंदाज असतो, १०-१५ टक्के इकडेतिकडे सहज होतो. माझ्या दुसऱ्या वेळी ४.१ सांगितलं होतं, काट्यावर ठेवलं तर ३.६ भरलं. नुसतं बाळ मोठं वाटतंय म्हणून नॉर्मलचा प्रयत्न करायचाच नाही, असं नसतं. शुगर असेल तर मात्र गणित बदलतं, तेव्हा खांदा अडकण्याची भीती जास्त.

आधी पहिल्या ऑपरेशनचा कागद शोध. पोटावरचा टाका आडवा म्हणजे गर्भाशयावरचाही आडवाच, असं धरून चालू नकोस. गर्भाशयावर खाली आडवा छेद असेल तर कळांमध्ये टाका उसवण्याचा धोका साधारण २०० जणींत एकीला. आकडा लहान आहे, पण ती वेळ आली तर मिनिटं मोजावी लागतात. म्हणून रात्री-बेरात्रीही भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशनची सोय असेल तिथेच जा. हे घरी करून बघायचं काम नाही गं.

पहिलं सिझर कशामुळे झालं? बाळ पायाळू होतं म्हणून असेल तर आशा जास्त. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली उतरलं नाही म्हणून असेल तर थोडी कमी. कळा आपोआप येऊ देतील का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. कळा आणायच्या काही गोळ्या जुन्या टाक्याला घातक असतात.

मला कळांमध्ये पोटाला सतत पट्टा लावून बाळाचे ठोके बघत होते. कंटाळा आला, पण काढू दिला नाही. दोन कळांच्या मधेही टाक्याजवळ दुखत राहिलं तर लगेच सांग, सहन करत बसू नकोस.