मोठ्या शहरात राहायला जाताना गाडी सोबत न्यावी की विकून टाकावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी मोठ्या शहरात राहायला चाललात, आजवर कोपऱ्यावर जायचं तरी गाडीच काढत आलात, आणि आई-वडील त्या शहरापासून दीड-दोन तासांवर असल्यामुळे महिन्यातून एक-दोनदा तिकडे जावं लागणार आहे. मी दोन्ही तऱ्हांनी राहिलेय. आधी बरीच वर्षं रोज गाडी चालवत होते, आता बरीच वर्षं गाडीशिवाय आहे. माझं उत्तर असं: घर ठरेपर्यंत गाडीचं काही ठरवू नका, आणि घर शोधताना आपल्याकडे गाडी नाहीच असं धरून शोधा.

बहुतेक लोक उलट करतात. गाडी आहेच म्हणून जरा लांबचं, मोठं घर घेतात, आणि मग घर लांब पडतं म्हणून गाडीशिवाय पान हलत नाही. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली यावर लिहिलं होतं. मुळात निरीक्षण याकोव्ह झहावी या वाहतूक-अभ्यासकाचं. माणूस रोज जाऊन-येऊन सरासरी तासभर प्रवासात घालवतो, आणि वाहन वेगवान झालं तरी तो तास फारसा कमी होत नाही. वाचलेला वेळ अंतरात जातो. सगळे पायी चालायचे तेव्हा शहरं साधारण पाच किलोमीटरच्या पसाऱ्यात मावायची, याचंही कारण मार्केटीने हेच दिलं. म्हणजे गाडीमुळे तुमचा वेळ वाचेल ही आशा सोडाच; तुमचं घर किती लांब असेल तेवढं मात्र ती ठरवेल.

घर बघताना नकाशावर स्टेशन किंवा थांबा किती जवळ आहे हे सगळेच बघतात. तिथे बस किंवा रेल्वे किती वेळाने येते हे फार थोडे बघतात, आणि खरी मेख तिथेच आहे. दर पाच मिनिटांनी बस असेल तर तुम्ही वेळापत्रक न बघता निघता आणि सरासरी अडीच मिनिटं थांबता. दर अर्ध्या तासाने असेल तर सरासरी पंधरा मिनिटं, किंवा मग घड्याळाच्या धाकात जगणं. त्यात थांब्यावरचं एक मिनिट बसमध्ये बसून काढलेल्या दोन मिनिटांइतकं जड जातं. वाहतुकीचं नियोजन करणारेही साधारण याच प्रमाणात हिशोब मांडतात. त्यामुळे पाच मिनिटांवरच्या पण तासाला दोनदाच बस येणाऱ्या थांब्यापेक्षा बारा मिनिटं चालून गाठायचं, सतत गाड्या असलेलं स्टेशन मी केव्हाही पसंत करेन. वेळापत्रकही कामाच्या दिवशी सकाळचं बघू नका, तेव्हा सगळीकडेच गाड्या असतात. रात्री दहानंतरचं आणि रविवारचं बघा.

आणि घर पक्कं करायच्या आधी त्या थांब्यावर एकदा अर्धा तास उभे राहा. कागदावर दर दहा मिनिटांनी असलेली बस प्रत्यक्षात वीस मिनिटं येत नाही आणि मग दोन एकदम येतात, हा प्रकार तुम्हाला दिसेल. पहिलीला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात, त्यांना चढायला वेळ लागतो, उशीर आणखी वाढतो. मागचीला माणसंच मिळत नाहीत, ती भराभर येऊन पहिलीला गाठते. ड्रायव्हरला शिव्या देऊन उपयोग नाही. बससाठी वेगळी मार्गिका असेल किंवा रूळ असतील तर हा त्रास कमी होतो, म्हणून ते आहे का बघा.

आता पैशाचं. इथे आपण सगळेच स्वतःला फसवतो. २०२० साली जर्मनीतल्या गाडीमालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. महिन्याला गाडीवर किती खर्च होतो हे त्यांना विचारलं, तेव्हा त्यांचा अंदाज खऱ्या खर्चाच्या साधारण निम्माच निघाला. इंधनाचा आकडा बऱ्यापैकी बरोबर होता, कारण तो पंपावर डोळ्यांसमोर फिरतो. गाडीची घटत जाणारी किंमत, दुरुस्ती, कर, विमा हे सगळं मात्र अंदाजात फार कमी धरलेलं. माझा अनुभव याहून वेगळा नाही. दाराशी गाडी उभी असली की पुढची फेरी जवळजवळ फुकट वाटते, कारण तिचे पैसे आधीच भरून झालेले असतात. याउलट टॅक्सीत बसलं की मीटर पळताना दिसतो आणि जीव वरखाली होतो. गाडी विकल्यावर पहिले काही महिने मला टॅक्सी ही उधळपट्टी वाटायची. मग एक दिवस गाडीचा वर्षाचा सगळा खर्च बारांनी भागला आणि तो आकडा 'फिरण्याचे पैसे' म्हणून वेगळा ठेवायला सुरुवात केली. त्यातून पास, टॅक्सी, अधूनमधून भाड्याची गाडी, सगळं भागून उरतं. तुम्ही हा हिशोब गाडी असतानाच करा. विकायची नसली तरी करा.

शहरात गाडी चालवण्याबद्दल लोक कोंडीची तक्रार करतात. मला विचाराल तर कोंडी सहन होते; गाणी लावून बसता येतं. जीव खाते ती पार्किंगची जागा शोधणं. पोहोचल्यावर खरा प्रवास सुरू होतो. एक नजर आरशात, मागच्याचा हॉर्न, तुम्ही गल्लीत रांगत चाललेले. पुढे एक माणूस किल्ली हातात घेऊन गाडीकडे येतो, तुम्ही इंडिकेटर देऊन थांबता, तो डिकी उघडतो, पिशवी ठेवतो, डिकी लावतो आणि शांतपणे परत दुकानात जातो. असं दोनदा झालं की जिथे जायचं होतं तिथे जायची इच्छाच मरते. सिनेमाला जाताना मी निम्मं लक्ष पडद्यावर आणि निम्मं रस्त्यावर सोडलेल्या गाडीवर ठेवायचे. हा ताण किती होता ते गाडी गेल्यावर कळलं.

जागेचा प्रश्न काही ठिकाणी सरळ सोडवलाय. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी घ्यायची तर ती ठेवायला जागा असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात फाउबान नावाची वस्ती आहे. तिथे बहुतेक घरांच्या दारात गाडी ठेवायची सोयच नाही. गाडी हवी असेल त्याने वस्तीच्या कडेच्या इमारतीत जागा विकत घ्यायची. २००६ पासून ट्राम वस्तीतूनच जाते, त्यामुळे अनेकांना आपल्या गाडीपेक्षा ट्रामचा थांबा जवळ पडतो. मला ही युक्ती फार आवडते, कारण त्यात कुणी कुणाला उपदेश करत नाही. गाडी दारात नसली की माणूस निघण्यापूर्वी क्षणभर विचार करतो, एवढंच. तुमच्या नव्या घराची पार्किंगची जागा इमारतीपासून लांब असेल तर ती खोट समजू नका.

घर दाखवणारा एजंट एक गोष्ट हमखास सांगेल: समोरचा रस्ता रुंद होतोय, मग कोंडी राहणार नाही. त्यावर जाऊ नका. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच मांडलं होतं की गर्दीच्या वेळचा मोठा रस्ता वाढवला तरी तेवढी वाहनं येऊन तो पुन्हा भरतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंदीकरणानंतर, बाजूचे रस्ते धरून, काही ठिकाणी २६ मार्गिकांचा झाला, आणि थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळी तिथून जायला पुन्हा जास्त वेळ लागायला लागला. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये उलट केलं. २००३ साली छोंगग्येछन नावाच्या ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडायला घेतला, २००५ मध्ये खालचा ओढा मोकळा केला, आणि शहर काही ठप्प झालं नाही. शिवाय गाडी दहा-बारा वर्षं सांभाळायची वस्तू आहे आणि तेवढ्या काळात शहराचे नियम बदलतात. मध्यभागात गाडी नेण्याचे पैसे घ्यायला सिंगापूरने १९७५ मध्ये सुरुवात केली, लंडनने २००३ मध्ये, आणि स्टॉकहोमने २००६ मध्ये काही महिने करून पाहिलं. तिथे वाहनं साधारण एक पंचमांशाने घटली आणि पुढच्याच वर्षी ते पैसे घेणं कायमचं झालं.

एवढं सगळं शहराच्या आतलं. शहराबाहेर पडलात की गाडी जिंकते, उगाच भांडण्यात अर्थ नाही. रेल्वे आणि बस मध्यभागातून बाहेर आणि बाहेरून मध्यभागात उत्तम नेतात. एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जायचं तर आधी मध्यभागात जाऊन उलटं यावं लागतं, आणि गाडीने वीस मिनिटांचा रस्ता सव्वा तासाचा होतो. आई-वडिलांकडे जाताना तुमची अडचण मधल्या शंभरेक किलोमीटरची नसणारच. ती स्टेशनपासून त्यांच्या घरापर्यंतच्या शेवटच्या चार-पाच किलोमीटरची असेल, त्यातही रात्री नऊनंतर आणि हातात सामान असताना. भाड्याची गाडी घेणार असाल तर शहराच्या मध्यात घेऊ नका. लोकलने किंवा मेट्रोने कडेच्या स्टेशनपर्यंत जा आणि तिथून घ्या. निम्मा मनस्ताप तिथेच वाचतो. तासावर किंवा दिवसावर मिळणारी सामायिक गाडी घराजवळ मिळत असेल तर आणखी चांगलं. कल्पना काही नवी नाही, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये १९४८ सालीच लोकांनी त्यासाठी सहकारी संस्था काढली होती.

आई-वडिलांपैकी कुणाची तब्येत नाजूक असेल आणि रात्री-अपरात्री निघावं लागत असेल तर मात्र वरचं सगळं विसरा आणि गाडी ठेवा. कामाच्या वेळा बस-रेल्वे बंद असतानाच्या असतील, अवजारं किंवा माल घेऊन फिरावं लागत असेल, घरात कुणाला जिना चढणं जमत नसेल, तरीही तेच. गाडीशिवाय राहण्याची एक बाजू लोक सांगत नाहीत, तीही सांगून टाकते: तुम्ही इतरांच्या गाडीत बसू लागता. घरी सोडायला कुणीतरी वाट वाकडी करतं. इंधनाचे पैसे न मागता द्या, आणि नेहमी त्याच माणसाला त्रास देऊ नका, नाहीतर मागे बोललं जातंच.

तुमच्या बाबतीत मी विकायची घाई करणार नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला आणि काही स्टेशनं बंद राहिली, म्हणून लोकांनी दुसरे मार्ग धरले. अभ्यासकांनी नंतर पाहिलं तर साधारण पाच टक्के लोक संप मिटल्यावरही नव्याच मार्गाने जात राहिले. रोज जात असूनही त्यांना आपला सोयीचा रस्ता माहीत नव्हता. तसं तुम्हालाही घरी बसून कळणार नाही. पहिले तीन महिने गाडी आई-वडिलांकडे ठेवा. तिथे ती ठेवायला जागा असेल, आणि लागणारही तिथेच आहे: रेल्वेने जा, तिथे गेल्यावर वापरा, त्यांना दवाखान्यात किंवा बाजारात न्या, ठेवून परत या. शहरात तिच्यावाचून खरंच कुठे अडलं तेवढं फोनवर टिपून ठेवा. तीन महिन्यांनी ती यादी बघून ठरवा.

फक्त उभी गाडी आपोआप नीट राहत नाही. बॅटरी उतरते, टायरमधली हवा कमी होते. वडील चालवत असतील तर आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणायला सांगा, नुसती जागेवर सुरू करून बंद करण्याने बॅटरी धड भरत नाही. चालवत नसतील तर निघताना बॅटरीची ऋण टोकाची तार सोडवून ठेवा, आणि विमा संपायची तारीख बघून घ्या.