स्कूटर की मोटरसायकल? आधी तुमचा रस्ता सांगा

प्रश्न : मी शिक्षक आहे. साताऱ्यात राहतो, शाळा कासच्या बाजूला. यवतेश्वर घाटातून रोज जाऊन-येऊन ४५ किलोमीटर होतात. सहकारी म्हणतात, आता गिअरची कटकट कशाला, स्कूटर घ्या. काय करू?

सर, तुम्ही मोटरसायकलच घ्या. चढाची चिंता नाही, ११० सीसीची स्कूटरही घाट चढते. प्रश्न उताराचा आहे. मोटरसायकल दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. स्कूटरमध्ये पट्ट्यावर चालणारी यंत्रणा असते आणि तिचा क्लच इंजिनच्या फेऱ्यांवर लागतो-सुटतो. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून वेग कमी झाला की क्लच सुटतो, इंजिनचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. साध्या स्कूटरचे ड्रम ब्रेक लांब उतारावर सतत दाबून ठेवले तर तापतात. तापलेला ब्रेक हाताला लागतो, पण गाडी थांबत नाही. स्कूटरवरून घाट उतरावाच लागला तर वेग आधीपासून कमी ठेवा, ब्रेक दाबत-सोडत चला आणि क्लच सुटल्यासारखा वाटला तर ॲक्सिलरेटर किंचित देऊन तो पुन्हा लावून घ्या. इंजिन बंद करून उतरायचं नाही, मग ती स्कूटर असो की मोटरसायकल. पेट्रोल वाचवायला काही जण असं करतात, ते पाहून माझा जीव खालीवर होतो.

दुसरं कारण चाक. स्प्लेंडरसारख्या गाडीची दोन्ही चाकं १८ इंची असतात. ॲक्टिव्हाचं पुढचं १२ इंची, मागचं १०. पावसाळ्यानंतर डांबर उखडतं, त्या खड्ड्यावरून मोठं चाक निघून जातं, लहान चाक आत उतरतं. शिवाय स्कूटरचं इंजिन आणि मागचं चाक एकाच जोडणीत असल्याने खड्ड्यात तो सगळा बोजा वरखाली होतो. रोज ४५ किलोमीटर म्हटल्यावर कंबरेला हा फरक महिन्याभरात कळेल.

प्रश्न : पुण्यात सिंहगड रोडला राहते. ऑफिस सात किलोमीटरवर. जाताना पाच वर्षांच्या मुलीला शाळेत सोडते, येताना भाजी आणते. यजमानांचं म्हणणं, मोटरसायकल घेऊ, ॲव्हरेज जास्त मिळतं, दोघांनाही चालेल.

ताई, ॲव्हरेजचा हिशोब कागदावरच मांडू. रोजचे १४ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ३५० किलोमीटर. मोटरसायकलने ६० दिले तर सहा लिटरच्या आत, स्कूटरने ४५ दिले तर आठ लिटरच्या आत. फरक दोन लिटरचा, म्हणजे साधारण दोनशे रुपयांचा. तेवढ्या पैशांत तुम्हाला डिकी मिळते, पिशवी अडकवायला हुक मिळतो, साडीतही पाय आडवा टाकून चढावं लागत नाही आणि दर शंभर पावलांवरच्या सिग्नलला क्लच दाबून डावा हात भरून येत नाही. स्कूटर घ्या.

मुलीला पुढे फूटबोर्डवर उभं करू नका. अचानक ब्रेक लागला की तिचं तोंड थेट हँडलवर आपटतं. मागे बसवा आणि तिच्या मापाचं हेल्मेट घ्या. चार वर्षांवरच्या मुलाला ते कायद्यानेही लागतं. पदर आणि ओढणी बसण्याआधीच खोचून घ्या.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा आहे. क्लासला जायला स्कूटर मागतोय. विनागिअर गाडी चालते ना?

नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं असतं आणि शोरूममधल्या ११०-१२५ च्या स्कूटर त्यात बसत नाहीत. पकडला गेला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अजून दोन वर्षं सायकल किंवा बस.

प्रश्न : बीड जिल्ह्यात शेती आहे. रोज दोन कॅन दूध डेअरीला घालतो. मंडळींना आणि मुलीलाही गाडी शिकायची आहे. एकच गाडी परवडेल.

दादा, दुधाचे कॅन मोटरसायकललाच शोभतात. मागे दोन्ही बाजूंना लटकवले की तोल राहतो. स्कूटरच्या फूटबोर्डवर कॅन ठेवला तर पाय कुठे ठेवणार, आणि काळ्या मातीच्या चिखलात दहा इंची चाक रुतून बसतं.

पण मुलीला गिअरची गाडी जमणार नाही, हे मनातून काढून टाका. सकाळी तासभर दिला तर पंधरा दिवसांत क्लचचा अंदाज येतो. उंची कमी असेल तर बसून दोन्ही पाय टेकतात का, ते घेण्याआधी तिघांनीही बघा. लायसन्स गिअरच्या गाडीचंच काढा, त्यावर पुढे स्कूटरही चालवता येते. उलट चालत नाही.

प्रश्न : नाशिकला आई-बाबा राहतात. बाबा ६४ वर्षांचे, तीस वर्षं मोटरसायकल चालवली. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी आता गाडी चालवायला परवानगी दिली आहे. स्कूटर घेऊन देऊ का?

द्या, गुडघ्यासाठी तीच बरी. पाय आडवा टाकायला नको, किक नको, गिअरसाठी पंजा उचलायला नको. फक्त गाडी डबल स्टँडला लावताना जोर लागतो, म्हणून त्यांना साइड स्टँडचीच सवय लावा.

मला काळजी आहे ती त्यांच्या डाव्या हाताची. तीस वर्षं त्या हाताने क्लच दाबला आहे. स्कूटरला तिथे ब्रेक असतो, आणि हल्लीच्या बहुतेक स्कूटरना त्या एका लिव्हरने दोन्ही चाकांचे ब्रेक लागतात. हळू वेगात वळताना जुन्या सवयीने हात आवळला गेला तर गाडी जागीच थांबून आडवी होते. उजवा पायही ब्रेकचं पेडल शोधत राहतो. म्हणून गाडी आली की थेट बाजारात नेऊ देऊ नका. आठवडाभर मोकळ्या मैदानात रोज अर्धा तास गोल वळणं घ्यायला लावा, तुम्ही किंवा आईंनी बाजूला उभं राहायचं. वळताना डावा हात आपोआप आवळला जाणं थांबलं, की मग गल्लीत, आणि गल्लीत दोन-चार दिवस झाले की मोठ्या रस्त्याला.