सम्राट टायबेरियसच्या काळात रोममध्ये राजद्रोहाचे खटले इतके का वाढले?

मुख्य कारण म्हणजे आरोप करणाऱ्यालाच त्यातून पैसा मिळे. रोममध्ये सरकारी वकील नव्हता. कुणीही नागरिक फिर्याद करी आणि गुन्हा शाबीत झाला की दोषीच्या मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा त्याच्या पदरात पडे. शिवाय टायबेरियसच्या आधीचा सम्राट ऑगस्टस याच्यापासून नुसतं लिहिणं-बोलणंही राजद्रोहाच्या कायद्यात बसू लागलं होतं. इ.स. 25 मध्ये इतिहासकार क्रेमुटियस कॉर्डसवर खटला भरला तो कशासाठी, तर सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसची स्तुती केली, कॅसियसला ‘शेवटचा रोमन’ म्हटलं म्हणून! फिर्यादी होते सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख सेजानस याचे आश्रित. कॉर्डसने अन्नत्याग करून जीव दिला. सिनेटने त्याचे ग्रंथ जाळायला लावले. ही माहिती मुख्यतः रोमन इतिहासकार टॅसिटसची. मात्र तो टायबेरियसच्या मृत्यूनंतर सुमारे 80 वर्षांनी लिहीत होता आणि त्याचा राग लपत नाही. काही आरोप टायबेरियसने स्वतःच फेटाळले, हेही टॅसिटसच्याच नोंदींत सापडतं.