पावसाचा अंदाज अनिश्चित असेल, तर ती अनिश्चितता लोकांना सांगावी का?

आपला प्रश्न असा आहे की नागपुरात ऑरेंज अलर्ट असूनही पुष्कळदा ऊन पडते, मग अंदाजातली अनिश्चितता उघड सांगितली तर लोकांचा उरलासुरला विश्वासही उडणार नाही का. माझ्या मते ती सांगायलाच हवी. मात्र ऐकणाऱ्यापुढे जो निर्णय उभा आहे, त्याला धरून सांगावी. मी काही वर्षे जिल्ह्यातल्या गावांत हवामान सल्ल्याच्या बैठका घेतो, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

काटोलकडच्या एका बैठकीत मी 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' हा अंदाज वाचून दाखवला, तेव्हा मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "भाऊ, तुरळक म्हंजे आमच्या वावरात का शेजारच्या?" हवामान विभागाच्या परिभाषेत 'तुरळक' म्हणजे त्या क्षेत्रातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस, त्यावरून कुणा एकाच्या शेताबद्दल काहीच ठरत नाही, आणि हे मी तोपर्यंत कुणाला समजावून सांगितलेच नव्हते. बाईंना संत्र्याच्या बागेत फवारणी करायची होती. पावसाने औषध धुऊन गेले तर खर्च वाया, थांबले तर कीड वाढणार, असा दोन्हीकडचा हिशेब आम्ही मांडला आणि त्यांनी अर्धीच बाग आधी फवारायचे ठरवले. अंदाज जेवढा खात्रीचा होता, तेवढाच धोका त्यांनी पत्करला.

विजेच्या बाबतीत मात्र मी टक्के सांगत बसत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या आत पडणाऱ्या विजा दाखवते. पण वावरात निंदण करणाऱ्या मजुरांना एवढेच सांगावे लागते की गडगडाट ऐकू आला की काम सोडून पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. दहा वेळा उगाच उठून गेल्याने अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल, पण एकदा न उठल्याने जीव जाईल, हे त्यांना आकड्यांविनाही पटते.

धरणावरच्या अभियंत्याची गरज अगदी उलटी असते. तोतलाडोह काठोकाठ भरत आले असताना दरवाजे उघडावेत, तर नागपूरच्या पिण्याचे पाणी सोडून दिल्यासारखे होते आणि न उघडावेत, तर खाली पेंच आणि कन्हानच्या काठच्या गावांना धोका. त्यामुळे त्याला पाण्याची आवक कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हा पल्लाच हवा असतो. अमेरिकेत ग्रँड फोर्क्स येथे 1997 साली नदी 49 फुटांपर्यंत चढेल हा आकडा लोकांच्या मनात ठसला, अंदाज किती चुकू शकतो हे त्याच्यासोबत पोचले नाही, आणि पाणी 54 फुटांवर जाऊन शहर बुडाले. त्या एका आकड्याऐवजी पल्ला सांगितला असता, तर तयारी निराळी झाली असती असे मला ठामपणे वाटते.

राहिला अलर्टच्या रंगाचा प्रश्न. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. आणि हा रंग सुमारे 9,900 चौरस किलोमीटरच्या सबंध जिल्ह्याला दिलेला असतो. रामटेकला धो धो पाऊस झाला आणि हिंगण्यात ऊन पडले, तर हिंगणेकरांना अलर्ट फसला असेच वाटणार. पण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. त्या वस्तीतल्या माणसाला रंगापेक्षा, पाणी कोणत्या खुणेवर आले की मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन निघायचे, हे आधीच ठाऊक असायला हवे.

विश्वास उडतो तो अंदाज चुकल्यानंतर कुणीच काही बोलत नाही म्हणून. काटोलच्या त्या बैठकीनंतर मी आधी मागच्या आठवड्याचा अंदाज आणि मंडळनिहाय पडलेला पाऊस शेजारी शेजारी ठेवून वाचतो, आम्ही कुठे चुकलो ते सांगतो, आणि त्यानंतरच नवा अंदाज वाचायला घेतो.