बाल्कनीतल्या खताच्या डब्याला वास येतो, अळ्या झाल्यात, शेजारी तक्रार करतात. बंद करू का?

बंद करू नका. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात रोजच्या साली-देठं नुसतीच टाकत जाता, असं तुम्ही लिहिलंय. वास त्यामुळेच येतोय. हवा मिळाली तर कचरा कुजतो, नाही मिळाली तर सडतो. आणि भाजीपाल्यात 80-90 टक्के पाणीच असतं, ते तळाशी साचलं की हवेला वाटच राहत नाही.

आजच डबा जुन्या वर्तमानपत्रावर उपडा करा. जेवढा लगदा निघेल त्याच्या दुप्पट वाळका पालापाचोळा चुरून त्यात मिसळा. मग मूठभर घेऊन दाबून बघा. बोटांतून पाणी ठिबकलं तर पाला आणखी हवा. हाताला नुसती ओल लागली तर पुरे. तापवलेल्या खिळ्याने डब्याला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडा, तो दोन विटांवर ठेवा आणि खाली एक जुनं ताट सरकवा. माझ्याकडे असं केल्यावर चार दिवसांत वास गेला होता.

अळ्या जाड, करड्या-तपकिरी असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. औषध अजिबात मारू नका. नको असतील तर रोजच्या कचऱ्यावर दोन इंच पाल्याचा थर द्या. ओला कचरा झाकला गेला की माश्या कमी येतात, चिलटंही कमी होतात.

पुण्यातल्या आमच्या वन बीएचकेत मी रंगाच्या 20 लिटरच्या दोन बादल्या वापरते. एक भरते तोवर दुसरी मुरते. खरकटं आणि मासळी-मटण एवढ्या लहान बादलीत घालत नाही. चहाचा चोथा धुऊन घालते, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. आठवड्यातून दोनदा खुरप्याने खालीवर करते. बादली भरल्यावर दोन-तीन महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. त्याआधी कुंडीत घालू नका. अर्धवट कुजलेलं खत मातीतलं नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं.

पाल्याची बेगमी मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच करा. तेव्हा रस्त्याकडेला ढीग पडलेले असतात आणि लोक ते जाळतात, मला फार वाईट वाटतं. त्यातली दोन पोती भरून कोरड्या जागी ठेवलीत की पावसाळाभर पुरतात.