मोठ्या चाकांचा हिशेब: वाचकांचे प्रश्न

नवी हॅचबॅक घ्यायची आहे. खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ आणि वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६ टायर आहेत. एका इंचाने खरोखर फरक पडतो का? (बोरिवली)

पडतो, मात्र तो रिमपेक्षा रबरात शोधावा. १८५/६५ आर १५ मधील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा रिमचा व्यास इंचांत, तर दुसरा आकडा टायरच्या बाजूची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते सांगतो. त्यानुसार पहिल्या टायरची भिंत सुमारे १२० मिलिमीटर, तर दुसऱ्याची १०७ मिलिमीटर भरते. दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास सारखाच असल्यामुळे रिम मोठी झाली ती रबराची उंची खाऊनच. पावसाळ्यात उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर चाक आपटते तेव्हा आधी ही भिंत दबते आणि उरलेला धक्का सस्पेन्शनकडे जातो. भिंत बुटकी असेल तर तोच धक्का पाठीपर्यंत पोहोचतो. बुटक्या भिंतीमुळे वळणावर स्टिअरिंग अधिक नेमके वाटते हे खरे, पण एस. व्ही. रोडच्या गर्दीत त्याचा उपयोग शून्य. चाके दिसायला आवडली म्हणून वरचे मॉडेल घेत असाल तर जरूर घ्या, फक्त त्याला आरामाचे कारण जोडू नका.

१८५/६५ आर १५ काढून त्याच रिमवर २०५/६५ आर १५ बसवले. तेव्हापासून मायलेज घटले आहे. टायर सदोष आहेत का? (चेंबूर)

टायरला दोष देण्याआधी ओडोमीटर, म्हणजे अंतर मोजणारा मीटर, तपासावा. नव्या टायरचा व्यास सुमारे ६४७ मिलिमीटर, म्हणजे आधीपेक्षा ४ टक्क्यांनी जास्त आहे. चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते, मीटर मात्र जुन्याच हिशेबाने मोजतो. गाडी ५०० किलोमीटर धावली आणि ३० लिटर पेट्रोल लागले, तर खरे मायलेज १६.७ येते, मीटरवर ४८० च दिसल्याने तुमच्या हाती १६ लागते. जीपीएसने अंतर मोजून, टाकी फुल्ल ते फुल्ल हिशेब पुन्हा करा. त्यानंतरही जी घट उरेल ती खरी समजावी, कारण रुंद आणि जड टायर प्रत्येक सिग्नलवरून नव्याने फिरवायला इंधन लागतेच. आणखी एक गोष्ट: वेग दाखवणारा मीटर आधी बिनचूक होता असे धरले, तर आता ८० दिसताना गाडी ८३ ने धावते, आणि कोस्टल रोडवरचा कॅमेरा तुमचा मीटर पाहत नाही.

खड्ड्यात आपटून टायरच्या बाजूला फुगा आला आणि अलॉय रिम किंचित वाकली. टायरवाला पॅच मारून देतो म्हणतो. चालेल का? (दादर)

नाही. फुगा म्हणजे भिंतीतील दोरे तुटले आहेत. तो टायर वेगात कधीही फुटू शकतो आणि पॅच तेथे टिकत नाही. टायर बदलाच. रिमचा किरकोळ बाक काढता येतो, पण तडा गेला असेल तर वेल्डिंगवर विसंबू नये. बुटक्या टायरचा खरा खर्च हाच आहे: खरेदीला महाग, आणि खड्ड्यात टायरबरोबर रिमही जाण्याची भीती.

१७ इंची चाके काढून १६ इंची बसवता येतील का? (मुलुंड)

कंपनी त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला १६ इंची चाके देत असेल आणि ब्रेकही तेच असतील, तर बहुधा येतील. बसवण्यापूर्वी रिम ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आत ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) घासत नाही याची खात्री करून घ्या. टायरवरचा भारांक, म्हणजे तो किती वजन पेलतो याचा सांकेतिक आकडा, तोही पाहा: ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. कंपनीने सांगितलेल्या आकड्याखाली जाऊ नका आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.