प्लेट उतरवायची, की भोकातून भागवायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला इंजिनाखाली आणि गिअरबॉक्सखाली लोखंडी स्किड प्लेटा (दगडांपासून गाडीचं पोट वाचवणारे जाड पत्रे) बसवून घेतल्या आहेत. ऑइल बदलण्यासाठी इंजिनाखालच्या प्लेटला एक गोल भोक ठेवलंय. त्यातून ड्रेन नट उघडला की निम्मं ऑइल ट्रेमध्ये पडतं आणि निम्मं प्लेटवर. मग पुढचे कितीतरी दिवस गाडी उभी राहील तिथे डाग पडतात. प्लेट बसवणारा म्हणाला, दरवेळी उतरवायची गरज नाही. मित्र म्हणतो, उतरवलीच पाहिजे. ऑइल मी स्वतःच बदलतो. नक्की काय करू?

उत्तर : उतरवा, आणि दरवेळी उतरवा. ऑइल न सांडता काढायच्या युक्त्या पुढे सांगतेच, पण त्या तुम्हाला पक्क्या जमल्या तरी माझं उत्तर हेच राहील.

प्लेट बसवली त्या दिवशी गाडीचं पोट तुमच्या नजरेआड गेलं. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी), ऑइल फिल्टर, पुढच्या डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या पेटीचे) सील, एक्सलचे रबरी बूट, खालून गेलेल्या वायरी, यातलं काहीच आता नुसतं वाकून दिसत नाही. बिनप्लेटच्या गाडीत सील गळायला लागला की जमिनीवर थेंब दिसतो. प्लेटवाल्या गाडीत तो थेंब प्लेटवरच्या मातीत जिरतो. मालकाला पत्ता लागतो तोवर बरंच ऑइल गेलेलं असतं. तुम्हाला जे डाग दिसतात ते आज सांडलेल्या ऑइलचे आहेत, असं तुम्ही धरून चालला आहात. पण प्लेट वरून तेलकट असेल तर खरी गळती कुठली आणि सांडलेलं कुठलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. भोकातून भागवण्यातलं खरं नुकसान हे आहे.

माझ्याकडे एक गाडी आली होती. तिचं ऑइल वेळच्या वेळी, पण नेहमी भोकातूनच बदललेलं. प्लेट खाली घेतली तर आत सुकलेल्या चिखलाचा थर, त्यात काटक्या आणि गवत. मागच्या कोपऱ्यात एक दगड अडकलेला होता. वर चेंबरला जिथे तो टेकत होता तिथला रंग गेलेला आणि धातू घासून चकचकीत झालेला. चेंबर फुटलं नव्हतं, पण ते त्याच वाटेवर होतं. बाहेरून प्लेटला खरचटासुद्धा नव्हता. तो दगड भोकातून कधीच दिसला नसता.

गवताचं तर आणखी गंभीर आहे. वाळलेलं गवत प्लेटवर साचतं, एक्झॉस्टचा पाइप शेजारून जातो, आणि त्यात आपण ऑइल ओततो. अशा साचलेल्या गवताने गाड्या पेटतात. उंच गवतातून गाडी नेली असेल तर ऑइल बदलायची वाट न बघता त्याच दिवशी आत बॅटरी मारून बघा.

आता काम कसं करायचं ते. गाडी सपाट जागी लावा. इंजिन थोडं गरम करून बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. चालत्या इंजिनातलं ऑइल ९०-१०० अंशांच्या आसपास असतं. ते हातावर आलं तर कातडी सोलून निघेल. अगदी थंड ऑइलही नको, ते जाड असतं आणि गाळ आतच ठेवून जातं. या गाड्या उंच असतात, बहुतेक वेळा जॅक न लावता खाली सरकता येतं. येत असेल तर गाडी उचलूच नका. उचलावी लागली तर स्टँडवर टेकवा, चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

प्लेटच्या वजनाचा अंदाज आधी घ्या. ८० बाय ६० सेंटीमीटरची, ४ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट साधारण १५ किलो भरते. तेवढीच ॲल्युमिनियमची, ६ मिलिमीटरची, आठ किलोच्या आत. वर साचलेला चिखल वेगळा. उताणं झोपून, एका हाताने शेवटचा बोल्ट सोडत दुसऱ्या हाताने एवढं वजन पेलायला जाऊ नका. प्लेटखाली ट्रॉली जॅक घ्या, मध्ये लाकडी फळी ठेवा. मागचे दोन बोल्ट काही आट्यांवर राहू द्या, बाकीचे सगळे काढा, आणि जॅक हळूहळू उतरवून पुढची बाजू खाली येऊ द्या. माती आणि दगड त्या बाजूने घसरतात, म्हणून तोंड तिकडे नको आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. तुमच्याकडे दोन प्लेटा आहेत, तेव्हा कुठली कुठलीवर चढलेली आहे ते आधी बघून ठेवा. एकीची कड दुसरीखाली अडकलेली असेल तर बाहेरची आधी निघते, बसवताना उलट.

बोल्टांबद्दल जरा जास्त सांगते, कारण लोक कंटाळतात ते इथेच. प्लेटला बहुधा ॲलन-कीचे (सहाकोनी चावीने फिरणारे), बसक्या डोक्याचे बोल्ट असतात. त्या डोक्याच्या खाचेत चिखल दगडासारखा घट्ट बसतो. वरवर पुसून की लावली तर ती अर्धीच आत जाते, फिरते, आणि खाच गोल होऊन बसते. टोकदार सळईने खाच तळापर्यंत खरवडून काढा, मग की लावून तिच्यावर हातोडीचा हलका ठोका द्या. की तळाला टेकल्याचा आवाज वेगळा येतो, तो आल्याशिवाय जोर लावू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला तर उत्तम. सुटायला लागलेला बोल्ट मध्येच जड झाला तर ओढत राहू नका. अर्धा आटा परत आवळा, पुन्हा सोडा, असं करत बाहेर काढा. आट्यांमधली वाळू अशीच निघते, नाहीतर वरच्या नटाचे आटे जातात.

प्लेट बाजूला झाली की ऑइल काढणं हे साध्या गाडीसारखंच. जुना वॉशर टाकून नवा लावा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की त्याचं काम झालं. ड्रेन नट हाताने आटे पकडेपर्यंत फिरवा आणि मग तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोरानेच) आवळा. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर अंदाजाने आवळणं फारच महाग पडतं. नटाला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी, मऊ लेप नेहमीचा असतो. बोटांना टोचणारे तुकडे लागले तर नवीन ऑइल भरण्याआधी कारण शोधा.

फिल्टर काढल्यावर त्याची जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबरच आली का, हे बोट फिरवून बघा. ती वर चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला तर इंजिन चालू होताच ऑइल जोरात बाहेर येतं. नव्या रिंगवर ऑइलचं बोट फिरवा, ती टेकेपर्यंत फिल्टर फिरवा, आणि पुढे फिल्टरवर छापलं असेल तेवढंच, साधारण पाऊण फेरी, हाताने.

आता प्लेट लगेच चढवायची नाही. ऑइल सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरा, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा आणि प्लेट नसतानाच खालून नट आणि फिल्टर कोरडे आहेत का बघा. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा, कमी असेल तर भरा. एवढ्या वेळात प्लेट धुऊन पुसून कोरडी करा. चेंबरची वेल्डिंगची कड, एक्सलचे बूट, वायरींच्या क्लिपा, सगळीकडे फडकं फिरवा. फडक्याला ओलं लागलं की ती जागा लक्षात ठेवा.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे लावा, मगच एकेक आवळा. एक बोल्ट पुरा आवळलात तर दुसरीकडची भोकं जुळणार नाहीत. दगडावर आपटून प्लेट वाकली असेल तर ती जॅकने वर रेटू नका, तशाने आटे तिरके लागतात. तिला खाली काढून सरळ करा. आट्यांना गंज रोखणारं ग्रीस लावा; ॲल्युमिनियमच्या प्लेटला स्टीलचे बोल्ट असतील तर लावलंच पाहिजे, पण ते तांबं नसलेलं हवं, कारण वेगवेगळे धातू पाण्यात एकमेकांना खातात. मात्र ग्रीस लावलेल्या बोल्टला कोरड्या आट्यांचा टॉर्क जास्त होतो, थोडा कमी ठेवा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

प्रश्न : वरच्यासारखीच प्लेट माझ्याकडेही आहे. पण कधीकधी लांबच्या प्रवासात प्लेट उतरवणं खरंच शक्य नसतं. तेव्हा भोकातून ऑइल कमीत कमी कसं सांडेल?

उत्तर : अडचण समजू शकते, तेव्हा सांगते. नट चेंबरच्या बाजूला, आडवा असेल तर ऑइलची धार सुरुवातीला कमान करून लांब पडते. चेंबर रिकामं होत आलं की दाब कमी होतो, धार मागे सरकते, आणि शेवटी थेंब नटाच्या अगदी खाली पडतात. म्हणजे सुरुवातीला धार भोकात बरोबर पडत असली तरी शेवटचं ऑइल प्लेटवरच जाणार. त्यासाठी नटाखालून भोकापर्यंत एक पन्हळ करा. जाड ॲल्युमिनियम फॉइलच्या तीन-चार घड्या घालून दोन्ही कडा वर वळवल्या की झालं. वरचं टोक नटाच्या खाली चेंबरला टेकवून दाबा, खालचं भोकातून बाहेर काढा. फिल्टर आडवा किंवा प्लेटच्या वर असेल तर अर्धी फेरी सैल करा, त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी ओढा आणि पिशवीतच उघडा. उरलेलं ऑइल फडक्याने टिपा. डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढून काढणारेही आहेत. काही इंजिनांत ते छान जमतं, काहींत नळी तळापर्यंत पोचत नाही. किती निघालं ते मोजा आणि पुस्तकातल्या मापाशी ताडून बघा, म्हणजे कळेल. परत आल्यावर मात्र प्लेट उतरवून आतून साफ करा.

प्रश्न : माझ्या प्लेटला भोकच नाही. पाडून घेऊ का?

उत्तर : घ्या, हरकत नाही, पण गाडीवर लावलेल्या प्लेटला खालून ड्रिल लावू नका. लोखंडाचा चुरा वर उडतो, आणि ड्रिल आरपार जाताना चेंबरपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आधी नटाच्या नेमक्या खाली खूण करा, मग प्लेट काढून भोक पाडा. त्यात सॉकेट आणि तुमची बोटं दोन्ही मावली पाहिजेत, आणि वर सांगितलेली धारेची सुरुवात व शेवट दोन्ही त्यात यायला हवेत, म्हणून गोलापेक्षा लांबट भोक बरं. घडी, कड किंवा बोल्टाची जागा यांच्यापासून लांब राहा, प्लेटची ताकद तिथे असते. कडा कानशीने घासून रंग लावा.

प्रश्न : गाडी फार चालत नाही, बहुतेक डोंगरातच वापरतो. किलोमीटर भरत नाहीत. ऑइल किती दिवसांनी बदलू?

उत्तर : तुमच्या बाबतीत किलोमीटर फसवतात. लो गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटरने दहा तास चढलात तर मीटरवर ५० दिसतील. तेच इंजिन रस्त्यावर ताशी ६० ने दहा तास चाललं असतं तर ६०० दिसले असते. इंजिनाने तास तेवढेच काढले, शिवाय जास्त गरम होऊन आणि धुळीत. गाडीच्या पुस्तकात कठीण वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं, ते तुमचं. एकही किलोमीटर झालं नाही तरी त्यात दिलेली महिन्यांची मुदत पाळा. ऑइलचा ग्रेडही पुस्तकातलाच हवा. डिझेल गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, नाहीतर तो फिल्टर चोंदतो.

प्रश्न : नदी ओलांडताना पाणी बॉनेटपर्यंत आलं होतं. गाडी नीट चालतेय. काही बघायला हवं का?

उत्तर : हो, आणि पुढच्या वेळी स्टार्टर मारण्याआधी बघा. डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं किंवा पातळी आपोआप वाढलेली असली तर इंजिन चालू करू नका, गाडी ओढून न्या. फक्त भरायच्या झाकणाच्या आत थोडा पांढरट फेस असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर थंडीत छोट्या फेऱ्या मारल्यानेही तो येतो. एकदा इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवून पुन्हा बघा. एअर फिल्टर ओला आहे का तेही बघा. डिफरन्शियलचं ऑइल लोक विसरतात. गरम हाउसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (आतली हवा बाहेर-आत जायची नळी) खाली असेल तर पाणी ओढून घेते. तिथला नट थोडा सैल करून पहिला थेंब कसा येतो ते बघा. पाणी जड असतं, असलं तर आधी तेच येईल.